नागनाथरावांची तिमाही

लॅबमधलं रक्त आम्ही आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवतो, मग टाकून देतो. पण पेशंट जाता जाता जे बोलून जातो ते कुठं टाकायचं, हे मला आजवर कुणी शिकवलं नाही. बावीस वर्षं मी सुया टोचून राहिले. घाबरलेला माणूस लई बोलतो, अन् सुई बघून घाबरत नाही असा माणूस मी पाहिला नाही. माझा नवरा म्हणतो, "तू भाजी आणायला गेली तरी किस्सा घेऊन येती, अन् भाजी इसरती." खरं आहे. दोनदा झालंय तसं.

आमची लॅब आखाडा बाळापूरला, नांदेड-हिंगोली रस्त्याला लागून. माणसं तीन. मालक ढगे सर, रक्त काढणारी मी सुजाता, अन् डबे नेणारे-आणणारे रशीदभाई. सरांच्या आईचे डोळे साखरेच्या आजारानं गेले होते. त्या वेळी बाळापुरात साखर तपासायची सोय नव्हती. त्या रागातूनच सरांनी लॅब टाकली. सगळ्या तालुक्याला ते साखरेवरून झापायचे. शिक्षक असो, सरपंच असो, कुणाची गय नाही!

अन् हाच माणूस साखर बघायला स्वतःच्या बोटाला सुई लावू देत नव्हता. "मला काय धाड भरली?" म्हणायचे. चहात तीन चमचे साखर. काम सगळं मायक्रोस्कोपवर, म्हणजे डोळ्यावर. आईची साखर लेकरात उतरते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळं शेवटची काही वर्षं मला एकच घोर होता, की ह्या माणसाचे डोळे आईच्या वाटेनं जाऊ नयेत. किस्से हसायचे आहेत, हसा. पण माझ्या मनात तो घोर होता, एवढं ध्यानात ठेवा.

*

साखरेच्या त्या मोठ्या तपासणीचं नाव एचबीएवनसी. आमच्याकडं ते कुणाच्या जिभेवर बसेना. पेशंट चिठ्ठी नाचवत यायचा अन् म्हणायचा, "ते ए बी सी डी वालं करा."

एकदा एक रिटायर हेडमास्तर आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली अन् समजावलं, "गुरुजी, उपाशीपोटीची साखर म्हणजे नुसती आजची हजेरी. ही तपासणी तीन महिन्यांची. रक्तातल्या तांबड्या पेशीला साखर चिकटती. पेशी तीन-चार महिने जगती. तेवढ्या दिवसांत तुमी काय काय खाल्लं, ते सगळं ती अंगावर घेऊन फिरती."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तिमाही परीक्षाच की!"

"बराबर!"

"अन् कॉपी?"

"चालत न्हाई."

"मंग अवघड हाय," म्हणत गुरुजी उठले अन् चालू लागले! आठ दिवसांनी परत आले, तयारी करून.

तेव्हापासून आमच्याकडं त्या तपासणीचं नाव तिमाही. डॉक्टरसुद्धा फोनवर विचारतात, "ताई, त्या कळमनुरीच्या पाहुण्याची तिमाही आली का?"

*

तिमाही समजावून सांगायची सरांची दुसरी तऱ्हा होती हळदीची. आमच्याकडं हळद काढायचे, शिजवायचे दिवस आले की माणसांचे हात कोपरापर्यंत पिवळे. एक शेतकरी असाच पिवळे हात घेऊन आला. तपासणीआधी दोन दिवस त्यानं भाकरी सोडली होती, चहा सोडला होता. तरी तिमाही दहाच्या वर. त्याचं म्हणणं, मशीन बिघडलं.

सर म्हणाले, "हात बघ तुझे. हळदीचा रंग चढलाय. काल साबणानं हात धुतला, आज उतरला का?"

"न्हाई."

"तसंच हाय हे. तीन महिने चढलेलं दोन दिवसांत उतरत न्हाई."

माणूस आपल्या हातांकडं बघत बसला. लई वेळ बघितलं. सरांना वाटलं, पटलं. मग तो हळूच म्हणाला, "पर सर, रॉकेलनं उतरती की!"

सर माझ्याकडं वळले. "सुजाता, ह्याला पाणी दे अन् तू समजाव. माझं डोकं चालंना."

*

आता मशीन आमच्या टेबलावर आहे. बटण दाबलं की आकडा. आधी तसं नव्हतं. तिमाहीचं रक्त नांदेडला पाठवावं लागायचं. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, बर्फ, थर्माकोलचा डबा, अन् रशीदभाई तो डबा काळीपिवळी जीपवाल्याच्या हवाली करायचे. नांदेडच्या लॅबचा माणूस तिकडं उतरवून घ्यायचा.

लग्नसराईचा दिवस. दुपारी नांदेडहून फोन आला. सरांनी घेतला. तिकडचा माणूस गंभीर आवाजात म्हणाला, "सर, सॅम्पल मिळालं. साखर लईच जास्त हाय. वर पिस्ते पण हायेत."

सरांना काही कळेना. "कसले पिस्ते?"

"रबडीवरचे!"

जीपमध्ये तसाच एक थर्माकोलचा डबा लग्नाच्या वऱ्हाडाचा होता! सर ओरडले, "रशीदभाई! आपला डबा कुठं गेला?"

रशीदभाई शांत. "साब, डब्बा तो मैंने बराबर दिया. अब दुल्हेवालों ने खोला होगा तो उनकी तकलीफ!"

आमचा डबा मंडपातून सुखरूप परत आला. वर चिठ्ठी होती. नवरदेवाच्या चुलत्यानं लिहिलं होतं, 'ह्यात माझी पण नळी सापडली. आठ दिवसांपासून रिपोर्टची वाट बघून राहिलो. आता तरी पाठवा.'

सर त्या दिवशी हसून हसून टेबलावर आडवे झाले होते. तसं हसणं आता लॅबमध्ये होत नाही. मशीनवर कुणी हसत नाही, काय करता!

*

डोंगरकड्याला आम्ही शिबिर घेतलं होतं. तो सगळा केळीचा भाग. बोटाला टोचून छोट्या मशीनवर साखर बघायची, जास्त निघाली तर तिमाहीसाठी शिरेतून रक्त घ्यायचं, असं ठरलं होतं.

सकाळी सगळं सुरळीत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत केळीचा ट्रक भरणारे मजूर आले, दहा-बारा जण. पहिल्याची साखर तीनशे चाळीस. दुसऱ्याची तीनशे दहा. तिसऱ्याची चारशेला टेकलेली! तरणीताठी माणसं, घड खांद्यावर घेऊन पळणारी. मी घाबरले. एक जण तर खालीच बसला, म्हणाला, "ताई, माझं लगीन ठरलंय वो."

शिबिराच्या डॉक्टरांनी फोन काढला, गाडी बोलवायला. सर उठले. त्या पहिल्या मजुराचं बोट धरलं, नाकाजवळ नेलं अन् वास घेतला. सगळे बघतच राहिले.

"जेवलास काय?"

"केळ्या खाल्ल्या सर, पाच-सहा."

"हात धुतला?"

"केळी खाऊन कोन हात धुतं?"

सालीचा गोड चीक बोटाला, अन् आम्ही त्याच बोटातला थेंब घेतलेला! सर म्हणाले, "चला, सगळ्यांनी साबणानं हात धुवा." धुतले. पुन्हा टोचलं. एकशे बारा. एकशे चार. नवरदेव अठ्ठ्याण्णव!

नवरदेव उठून उभा राहिला, बोटाकडं बघितलं, अन् भर शिबिरात डॉक्टरला म्हणाला, "साहेब, नुसत्या पाण्यानं साखर उतरती, तर एवढ्या गोळ्या काहून देता?"

*

शिरड शहापूरकडच्या तांड्यावरून एक म्हातारी यायची. तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या दंडावर खांद्यापासून खाली बांगड्यांची ओळ. लग्नात चढवलेल्या, आता उतरतच नव्हत्या. शीर फुगवायला आम्ही दंडाला रबरी पट्टा बांधतो. आता बांधू कुठं? मी बांगड्या वर सरकवून बघितल्या, खाली सरकवून बघितल्या. माझा घाम निघाला.

याडी म्हणाली, "तू नवी हायेस का?"

दहा वर्षं झाली होती मला!

मग तिनं हात झटकला, त्या सगळ्या बांगड्या खाली ओढून कोपराच्या वर घट्ट बसवल्या अन् मूठ वळली. शीर अशी वर आली की काय सांगू! आम्ही पट्टे मागवतो नांदेडहून, अन् ही अंगावरच घेऊन फिरून राहिली!

मी रक्त काढलं. तोवर ती सरांकडं बघत होती. सर मायक्रोस्कोपवर होते. बाजूला पाण्याचा तांब्या. स्लाइड बघायची, पाणी प्यायचं. स्लाइड बघायची, पाणी प्यायचं. याडीनं बोटावर मोजलं असावं. जाता जाता ती त्यांच्या टेबलाजवळ थांबली.

"सायबा, तू पानी किती पितो?"

"ऊन किती पडलंय याडी."

"आमचा म्हातारा बी असाच प्यायचा. ऊन सरलं तरी पीतच व्हता." अन् सरांच्या मनगटाला हात लावून म्हणाली, "वाळून बी राहिला. तुझं रगत कोन बघतं?"

 सरांनी तांब्या उचलला अन् आत ठेवून आले.   जे मी दहा वर्षं समोर बसून बघितलं नाही, ते ह्या न शिकलेल्या बाईनं दहा मिनिटांत बघितलं. मला माझाच राग आला.

त्यानंतर मी सरांच्या मागं लागले. "सर, एक थेंब द्या." "सर, तिमाही करू." एकदा तर हातात सुई घेऊन त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेले. हे पळाले! वय साठीच्या पुढं, अन् टपरीमागं जाऊन लपले. टपरीवाला मला म्हणाला, "मॅडम, उधारी हाय का काही?"

*

मग नागनाथराव आले. म्हणजे आले नाहीत, त्यांची नळी आली.

सकाळी रॅकमध्ये एक नळी उभी असायची, सोबत फॉर्म. नागनाथ कदम, शिरड शहापूर, वय त्रेसष्ट. अक्षर सरांचं. सर म्हणायचे, "त्यांचा माणूस लवकर देऊन गेला." तीन महिन्यांनी पुन्हा नळी, पुन्हा माणूस लवकर देऊन गेला. पहिली तिमाही अकरा पॉइंट आठ. दुसरी अकरा पॉइंट पाच.

आमच्याकडं एक रीत होती. तिमाही नऊच्या वर गेली की मी स्वतः पेशंटला फोन लावायचा अन् झापायचं. काम सरांनीच लावून दिलेलं. म्हणायचे, "तुझा आवाज मोठा हाय, सत्कारणी लाव." मग काय! पहिल्या वेळी 'मी बोलतो त्यांच्याशी' म्हणून सरांनी टाळलं होतं. ह्या वेळी मी फॉर्मवरचा नंबर बघितला, खिडकीशी उभी राहिले अन् मोबाइलवरून फोन लावला.

सरांच्या टेबलावर एक जुना फोन होता, तारेचा. त्या फोनवर कुणी फोन करत नव्हतं. त्याच्या नंबरची मला कधी गरजच पडली नाही, त्यामुळं पाठ नव्हता. तो फोन वाजू लागला.

सर दचकले. त्यांनी उचलला. "हॅलो, लॅब."

माझ्या कानात पण तेच. "हॅलो, लॅब."

फॉर्मवर नंबरचा रकाना होता, अन् सवयीनं ह्यांनी पाठ असलेला एकच नंबर लिहून टाकला होता!

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. दोघांच्या मध्ये चार पावलं. बाकावर सात-आठ पेशंट. त्यांच्यापुढं मी काय बोलणार? मी मोबाइलमध्येच विचारलं, "नागनाथराव हायेत का?"

 सर फोनमध्ये म्हणाले, "न्हाईत. शेतात गेले."

*

त्या दिवसापासून आमचं हे सुरू झालं. सरांशी सरांच्या साखरेवर बोलायचं नाही, नागनाथरावांवर बोलायचं. मला ते चाललं. कसंही का होईना, माणूस ऐकतोय ना!

"सर, नागनाथरावांना निरोप द्या. चहात साखर बंद."

"देतो."

"अन् संध्याकाळी पायी फिरायला सांगा."

"त्यांचा गुडघा दुखतो."

"दुखू द्या म्हणावं."

सरांच्या बायकोला मी काकू म्हणते. त्या उपकेंद्रात नर्स होत्या. सकाळी घरी रक्त काढून देणाऱ्या त्याच होत्या, हे मला नंतर कळलं. सर डॉक्टरला भेटले, गोळ्या सुरू झाल्या. कुणाच्या नावानं, देव जाणे! तिमाही नऊ पॉइंट नऊ झाली. मग आठ पॉइंट सात. मी रिपोर्टवर पेन्सिलीनं लिहायचे, 'शाब्बास नागनाथराव.' सर ते बघायचे, सही करायचे, अन् तो रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवायचे.

पण डोळ्यांचं वेगळंच सुरू होतं. सर मला स्लाइडवर बोलवायला लागले. "सुजाता, ह्या पेशी मोज बरं, बल्ब कमी पडून राहिला." बल्ब मी बदलला. तरी कमीच. मग मी म्हटलं, "नागनाथरावांना डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या."

"बघू."

"बघू न्हाई. उद्या न्या."

दुसऱ्या दिवशी सरांनी सुट्टी टाकली, नागनाथरावांना घेऊन नांदेडला जायचं म्हणून. संध्याकाळी परत आले ते काळा चष्मा लावून, रशीदभाईंचा हात धरून. दारातल्या पायरीला ठेच लागली.

मी म्हटलं, "औषध नागनाथरावांच्या डोळ्यात टाकलं, अन् चष्मा तुमी काहून लावला?"

"सोबत म्हणून," सर म्हणाले.

रशीदभाई तोंड वळवून हसले. मी नाही हसले. कारण सर बसल्यावर जे म्हणाले ते खरं होतं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर आत रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं देऊ, लेझर करू, पण तिमाही सातपर्यंत आणा, नाहीतर डावाही हातचा जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. सर म्हणाले, "नागनाथराव घाबरलेत जरा."

मी मोरीत जाऊन नळ सोडला अन् रडून घेतलं.

*

मध्ये उन्हाळा आला. आंब्याचे दिवस. मला काळजी होतीच, पण नागनाथरावांचा निरोप आला होता की सगळं बराबर चाललंय.

जूनमध्ये नळी आली. मशीनवर लावली. पाच पॉइंट चार!

आधी मी आनंदानं उडालेच. रशीदभाईंना हाक मारली. मग डोकं चाललं. आठ पॉइंट सातवरून पाच पॉइंट चार? तीन महिन्यांत? आंबे खाऊन? तांबडी पेशी काय रातोरात धुतली कुणी?

सरांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. दुर्मीळ. अडल्यानडल्याला अख्खा बाळापूर त्यांच्याकडंच यायचा, म्हणून सगळ्यांना ठाऊक. मी त्या नळीतला थेंब काढून गट तपासला. दोन मिनिटांचं काम. बी पॉझिटिव्ह!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं तालुक्यातली प्रत्येक चलाखी पकडली, त्यानं दुसऱ्याचं रक्त आणून ठेवलं? अन् फसवतो कुणाला? मला? मी तशीच सरांच्या घरी गेले. सर नव्हते. काकू होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी नळीचं विचारलं, तर त्यांनी बाही वर केली. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

"माझंच हाय," काकू म्हणाल्या.

"काकू! तुमी नर्स हात ना?"

"व्हय. पर ह्यांनी दोन पेट्या आंबे खाल्ले. मंग तिमाहीची तारीख आली तर लेकरावानी तोंड करून बसले. 'सुजाता ओरडंल, सुजाता ओरडंल.' जेवंना झाले. मंग म्याच म्हणलं, घ्या माझं."

 सरांना डोळ्यांची नाही, माझी भीती! मी जायला निघाले, तर काकूंनी पदराशी चाळा करत विचारलं, "सुजाता, माझी ह्याच्या आधी कदी कोनी बघितलीच न्हाई गं. किती आली?"

"पाच पॉइंट चार."

"चांगली हाय का?"

"लई चांगली हाय काकू."

"ह्यांना सांगू नको," त्या म्हणाल्या, "आधीच चिडतील."

लॅबमध्ये येऊन मी नागनाथरावांचा रिपोर्ट काढला. शेरा पेन्सिलीनं नाही, पेनानं लिहिला. 'रक्त ह्या पेशंटचं नाही. खऱ्या पेशंटनं स्वतः यावं.' अन् सरांच्या टेबलावर सहीसाठी ठेवून दिला. सरांनी कागद डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा डोळ्याशी नेला. मग सही केली. सवयच ती.

*

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. सरांचा उजवा डोळा गेला तो गेलाच. डावा राहिला. त्या एका डोळ्यानं ते आज घरी पेपर वाचतात, तिमाही सातच्या आत ठेवतात, अन् लॅब माझ्यावर सोपवून दर सोमवारी फोन करून मला झापतात. मशीन चांगलं आहे, लॅब चांगली चालली आहे. पण मायक्रोस्कोपसमोर दुसरं कुणी बसलं की मला करमत नाही. माझ्या बापानंतर मला कुणी शिकवलं असेल तर त्या माणसानं. ते तिथं बसलेले असायचे तेव्हा मी किती बिनघोर सुई मारायचे, हे मला आता कळतं.

तर शेवटचा किस्सा, रिपोर्टवर सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

सकाळी मी लॅबमध्ये आले. बाजाराचा दिवस, बाक भरलेला. मी आपली खाली मान घालून एकेकाला बोलवत होते. बाराव्या नंबरला हात पुढं आला, बाही दुमडलेली. मी फॉर्म ओढला.

"नाव?"

"दत्तात्रय विठ्ठलराव ढगे."

मी मान वर केली. सर. पांढरा कोट नाही, काळा चष्मा नाही. नंबर लावून, पेशंटच्या स्टुलावर बसलेले. बाकावरच्या जुन्या पेशंटांनी एकमेकांना कोपर मारलं.

"वय?"

"त्रेसष्ट."

"उपाशी आलात का?" रोजच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिमाहीला उपाशी लागत न्हाई, बाई," सर म्हणाले. "म्याच शिकवलंय तुला."

बाकावर कुणीतरी हसलं. मी पट्टा बांधला. अन् काय झालं माहीत नाही, मला शीर दिसेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. डोळे भरून आले होते, सगळं धुरकट. सरांनी माझं बोट धरलं अन् आपल्या कोपराच्या खोबणीत ठेवलं. "डोळ्यानं नको शोधू. बोटानं शोध. लागली का?"

"लागली."

"मंग मार."

रक्त आलं. मी नळी मशीनवर लावली. सर उठले नाहीत, तिथंच कापूस दाबून बसून राहिले. मशीननं कागद काढला. मी तो त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी परत माझ्याकडं केला.

"तूच वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "दत्तात्रय ढगे. नऊ पॉइंट एक."

 ह्याच बाकावरच्या प्रत्येक जुन्या पेशंटला सरांनी कधी ना कधी सोललं होतं. सर माझ्याकडं बघत होते, एका डोळ्यानं नीट, एका डोळ्यानं अंदाजानं.

"काहून गप? नऊच्या वर हाय. ओरड की!"

 मग आठवलं काय काय. दोन पेट्या आंबे, काकूंच्या हातावरची पट्टी, तो काळा चष्मा, पायरीला लागलेली ठेच. अन् मी सुरू झाले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण टपरीवाला दारात येऊन उभा राहिला. सर मान खाली घालून ऐकत होते.

तेवढ्यात बाकाच्या टोकाची एक म्हातारी उठली. पहिल्यांदाच आली होती ती लॅबमध्ये, आम्हाला कुणाला ओळखत नव्हती. सरांच्या खांद्यावर हात ठेवून ती मला म्हणाली, "आवो मॅडम, जरा दमानं घ्या की! गडी नवा हाय. पुढच्या बारीला बराबर येईन त्याचं!"